दास कॅपिटल लिहिताना कार्ल मार्क्सला धड बसताही येत नव्हतं, कारण होता एक त्वचारोग

लालबाग-परळच्या जुन्या युनियन ऑफिसात भिंतीवर एक फोटो हमखास दिसायचा. पिंजारलेले केस, पांढरी भरघोस दाढी, एक हात कोटात खोचलेला आणि खुर्चीत ऐसपैस बसलेला एक माणूस. कार्ल मार्क्स.

फोटो १८७५ सालचा. पण ज्या पुस्तकामुळे हा फोटो जगभरातल्या भिंतींवर लागला, ते पुस्तक लिहिताना या माणसाला खुर्चीत धड बसताही येत नव्हतं. काखेत, जांघेत, पाठीवर, बसायच्या जागेवर मोठमोठी गळवं. एक बरं झालं की दुसरं. कधी आठवडेच्या आठवडे अंथरुणात, तर कधी कुशीवर पडून लिखाण.

डॉक्टर गळू कापायचे, पोटीस बांधायचे, गोळ्या द्यायचे. मार्क्सला वाटायचं, ही सगळी वेगवेगळी गळवं आहेत. आज त्याची पत्रं वाचणारे त्वचारोगतज्ज्ञ म्हणतात, गळवं बरीच होती, पण आजार बहुतेक एकच होता. आणि तो फक्त कातडीवर नव्हता, सगळ्या अंगात होता.

नेमकं काय झालं होतं मार्क्सला? सुरुवातीपासून बघू.

कार्ल मार्क्सचा जन्म ५ मे १८१८ चा. प्रशियातलं ट्रियर हे त्याचं गाव. वडील वकील. घर खाऊनपिऊन सुखी. सावळा रंग आणि काळेभोर केस यामुळे त्याला टोपणनाव पडलं मूर. पुढे त्याच्या मुलीसुद्धा त्याला याच नावाने हाक मारायच्या. कॉलेजात असताना छातीच्या तक्रारीमुळे त्याला सक्तीच्या लष्करी सेवेतून सूट मिळाली होती. थोडक्यात, तब्येत पहिल्यापासून पोलादी वगैरे नव्हती.

१८४३ मध्ये त्याने जेनी फॉन वेस्टफालेनशी लग्न केलं. ती सरदार घराण्यातली, तो नोकरी नसलेला पत्रकार. त्यानंतर पॅरिस, ब्रसेल्स, कोलोन असा प्रवास झाला. कुठे सरकारने हाकललं, तर कुठे पेपर बंद पाडला. १८४८ मध्ये फ्रेडरिक एंगल्ससोबत लिहिलेला कम्युनिस्ट जाहीरनामा छापून आला आणि पुढच्याच वर्षी मार्क्स लंडनला येऊन पोचला. खिसा रिकामा होता. उरलेलं आयुष्य त्याने याच शहरात काढलं.

सोहो भागातल्या डीन स्ट्रीटवर दोन खोल्यांचं घर. दमट हवा, कोळशाचा धूर, उधारीवर चालणारं स्वयंपाकघर. लंडनमधल्या पहिल्या सहा वर्षांत त्याची तीन मुलं गेली. त्यातला एडगर आठ वर्षांचा होता. जेनीने घरातली चांदी गहाण ठेवली. मार्क्स न्यूयॉर्क ट्रिब्यून या अमेरिकन पेपरला लेख पाठवून चार पैसे मिळवायचा. १८५३ मध्ये भारतातल्या इंग्रजी राजवटीवर आणि रेल्वेवर त्याने लिहिलेले लेख याच पेपरातले. बाकीचा खर्च भागवायचा एंगल्स. तो मँचेस्टरला वडिलांची भागीदारी असलेल्या कापड गिरणीच्या ऑफिसात बसून मित्राला नियमित पैसे पाठवायचा.

दिवसा ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात वाचन, रात्री घरी लिखाण. सोबतीला स्वस्तातले सिगार. आपल्या पुस्तकाच्या कमाईतून ते लिहिताना ओढलेल्या सिगारचे पैसेही सुटणार नाहीत, अशी गंमत तो करायचा.

हे सिगार लक्षात ठेवा. पुढे त्यांचा संबंध येणार आहे.

१८६३ चा नोव्हेंबर

मार्क्स ४५ वर्षांचा होता. त्याच्या पाठीवर एक भलंमोठं गळू आलं. अनेक तोंडांचं, खोलवर गेलेलं. आपल्याकडे याला काळपुळी म्हणतात. डॉक्टरांनी ते कापलं, भरपूर पू आणि रक्त गेलं. जिवावरचं दुखणं होतं ते. ताकद यावी म्हणून डॉक्टरांनी भरपूर खायला आणि सोबत पोर्ट वाईन आणि काळी बिअर प्यायला सांगितलं. त्या काळी हे औषध समजलं जायचं.

तो जेमतेम उठून बसतोय, तोवर ट्रियरहून आई गेल्याची बातमी आली. वारसाहक्काची कामं उरकायला तो जर्मनीला गेला. तिथून हॉलंडमधल्या झाल्टबोमेलला काकांकडे पोचला आणि तिथे पुन्हा गळवं उसळली. फेब्रुवारी उजाडेपर्यंत त्याला काकांच्या घरी अडकून पडावं लागलं. हे काका म्हणजे लिऑन फिलिप्स. पुढे ज्या फिलिप्स कंपनीचे बल्ब आपल्या घराघरात लागले, ती कंपनी याच काकांच्या मुलाने आणि नातवांनी काढली. भांडवलशाहीचा सगळ्यात मोठा टीकाकार भावी उद्योगपतींच्या घरी पोटीस बांधून पडला होता!

तेव्हापासून ही गळवं त्याच्या पाठीच लागली. १८६४ मध्ये लंडनच्या सेंट मार्टिन्स हॉलमध्ये कामगारांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. तिची घोषणापत्रं, ठराव, पत्रव्यवहार, सगळं मार्क्सच्या गळ्यात पडलं. मीटिंगला जायचं आणि परत येऊन अंथरूण धरायचं, असं चक्र सुरू झालं. दुसरीकडे दास कॅपिटलचं हस्तलिखित वर्षानुवर्षं लांबत होतं.

वस्तरा, आर्सेनिक आणि समुद्राचं पाणी

१८६६ ची सुरुवात सगळ्यात वाईट ठरली. त्या फेब्रुवारीत मार्क्सने एंगल्सला कळवलं की या वेळी प्रकरण जिवावर बेतलं होतं आणि ते किती गंभीर होतं, हे घरच्यांनाही माहीत नाही. डॉक्टरांनी खापर फोडलं रात्रीच्या जागरणांवर.

याच पत्रात आणखी एक गोष्ट आहे, जी आज डॉक्टरांनाही विचार करायला लावते. मार्क्सने लिहिलं की पुस्तकातला खरा सिद्धांताचा भाग त्याला पुढे नेता येत नाहीये, कारण डोकं तेवढं चालत नाही. म्हणून मूळ आराखड्यात नसतानाही त्याने कामाच्या तासांवरचा भाग इतिहास घालून वाढवला. इंग्लंडच्या कारखान्यांत बायका आणि पोरं किती तास राबतात, याच्या सरकारी अहवालांतल्या नोंदी त्याने त्यात ओतल्या. दास कॅपिटलमधलं सगळ्यात जिवंत आणि सगळ्यात वाचलं जाणारं प्रकरण कुठलं, असं विचारलं तर अनेकजण याच प्रकरणाचं नाव घेतील. ते इतकं मोठं झालं, त्याला एक कारण गळवं होती.

त्याच महिन्यात एक गळू इतकं ठणकायला लागलं की डॉक्टरची वाट न बघता मार्क्सने धारदार वस्तरा घेतला आणि स्वतःच ते फोडलं. गळू अशा जागी होतं की तिथे डॉक्टरला हात लावू देणंही त्याला नको वाटत होतं.

मँचेस्टरला एंगल्सने आपले डॉक्टर मित्र गुम्पर्ट यांचा सल्ला घेतला. त्यांनी आर्सेनिक सुचवलं. होय, तेच विष. त्या काळी त्वचारोगांवर आर्सेनिक देण्याची पद्धत होती. मार्क्सने ते घेतलंही, पण त्याने डोकं जड होतं, विचार करता येत नाही, अशी त्याची तक्रार होती. मग मार्च १८६६ मध्ये तो समुद्राच्या पाण्यात डुंबायला मार्गेटला गेला. तिथे जवळपास महिनाभर राहिला, मैलोन् मैल चालला, थोडा बरा झाला. लंडनला परतला आणि काही दिवसांत पुन्हा तेच.

तरी पुस्तक पुरं झालं. १६ ऑगस्ट १८६७ च्या मध्यरात्रीनंतर दोन वाजता शेवटचं प्रूफ तपासून त्याने एंगल्सला आभाराचं पत्र लिहिलं. सप्टेंबरमध्ये हॅम्बुर्गला पहिला खंड छापून आला. प्रती फक्त १,०००. प्रुफं तपासत असताना त्याने मित्राला चिडून कळवलं होतं की भांडवलदारांना आपली ही गळवं आयुष्यभर आठवतील.

१४० वर्षांनी आलेलं निदान

मार्क्स गेल्यानंतर त्याच्या गळवांबद्दल चरित्रकारांनी पानभर लिहिलं आणि सोडून दिलं. गरिबी, खराब जेवण, जागरण, दारू अशी कारणं दिली गेली.

२००७ मध्ये सॅम शुस्टर या ब्रिटिश त्वचारोगतज्ज्ञांनी मार्क्सचा पत्रव्यवहार डॉक्टरच्या नजरेने वाचला. गळवं कुठे यायची, किती दिवस राहायची, पुन्हा त्याच जागी यायची का, हे सगळं त्यांनी टिपलं. काख, जांघ, गुप्तांगाच्या आसपास आणि बसायची जागा. साधं गळू कुठेही येतं, एकदा फुटलं की संपतं. इथे तर त्याच त्याच जागा होत्या आणि वर्षानुवर्षं हे चालू होतं. शुस्टर यांनी ब्रिटिश जर्नल ऑफ डर्मेटोलॉजीमध्ये लिहिलं की हा हायड्राडेनायटिस सुप्युरेटिव्हा असावा. याला थोडक्यात एच. एस. म्हणतात.

हे निदान पत्रांवरून केलेलं आहे, रुग्णाला तपासून नाही. त्यामुळे शंभर टक्के खात्री कुणीच देऊ शकत नाही. पण लक्षणं जुळतात.

शुस्टर आणखी एक पाऊल पुढे गेले. कामगार आपल्या कामापासून तुटतो हा मार्क्सचा विचारही या आजारातून आला असेल का, असा प्रश्न त्यांनी केला. इथे मात्र जरा जपून. हा विचार मार्क्सने १८४४ मध्ये पॅरिसला असताना मांडला होता. त्याची पत्रं गळवांनी भरली ती जवळपास वीस वर्षांनी. आजाराने पुस्तक लांबवलं, त्याचा आकार बदलला, हे खुद्द मार्क्सच सांगतो. विचारच आजाराने दिला, हे म्हणायला पुरावा नाही.

गळू कातडीवर, आग सगळ्या अंगात

आता हा एच. एस. होतो कसा, ते समजून घेऊ.

काख आणि जांघ अशा घड्या पडणाऱ्या जागी केसाच्या मुळाशी एक बारीक पिशवी असते. तिचं तोंड बुजतं. आत माल साठतो, पिशवी फुगते आणि कातडीच्या आतल्या बाजूला फुटते. शरीराची संरक्षण यंत्रणा याला हल्ला समजते आणि पांढऱ्या पेशींची फौज पाठवते. सूज, वेदना, पू, सगळं तिथून येतं. याला डॉक्टर दाह म्हणतात, इंग्रजीत इन्फ्लमेशन.

काट्याने बोट दुखावलं तर दाह होतो आणि काम झालं की थांबतो. एच. एस. मध्ये तो थांबत नाही. कातडीच्या आत बोगदे तयार होतात आणि दाह धुमसत राहतो.

खरा मुद्दा पुढे आहे. या फौजेला बोलावणारे काही निरोपे असतात. टीएनएफ, इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-१७ अशी त्यांची नावं. हे निरोपे काखेत बसून राहत नाहीत, रक्तात उतरतात आणि सगळ्या अंगात फिरतात. यकृतापर्यंत निरोप पोचला की ते सीआरपी नावाचं प्रथिन जास्त बनवायला लागतं. आज रक्ततपासणीत दाह दिसतो तो यातूनच. सांध्यांपर्यंत निरोप गेला की सांधे धरतात. शरीर लोह साठवून ठेवतं, रक्तात कमी सोडतं, मग ॲनिमिया होतो आणि थकवा येतो. इन्सुलिनचं काम बिघडतं. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला त्रास होतो, म्हणून वर्षानुवर्षांच्या दाहासोबत हृदयविकाराचा धोका वाढलेला दिसतो. मेंदूलाही झळ लागते. मरगळ येते, मन उदास होतं, विचारात धार राहत नाही.

आता मार्क्सची पत्रं पुन्हा आठवा. त्याला सांधेदुखी होती. डोळ्यांचा त्रास होता, इतका की कधी कधी वाचन बंद ठेवावं लागायचं. थकवा होता, चिडचिड होती आणि डोकं चालत नाही ही तक्रार होती. त्याने या प्रत्येक दुखण्यावर वेगळं कारण शोधलं आणि वेगळं औषध घेतलं. शुस्टर यांनी सांधे आणि डोळ्यांच्या तक्रारी याच आजाराशी जोडून पाहिल्या.

अर्थात सगळंच खातं एच. एस.वर टाकता येणार नाही. थकवा आणि उदासी यायला मुलांचे मृत्यू, कर्ज आणि जागरण पुरेसं होतं. पण जुना दाह असलेलं शरीर हा भार आणखी कठीण करतं.

आणि ते सिगार? धूम्रपान आणि एच. एस. यांचा जवळचा संबंध आज अनेक अभ्यासांतून दिसला आहे. मार्क्सच्या डॉक्टरांनी दोष दिला जागरणाला. सिगार चालूच राहिले.

डॉक्टर चुकले का?

त्यांना दोष देऊन उपयोग नाही. अल्फ्रेड व्हेल्पो या फ्रेंच डॉक्टरने १८३९ मध्ये अशा गळवांचं वर्णन केलं होतं. १८५४ मध्ये व्हर्न्यूय या दुसऱ्या फ्रेंच डॉक्टरने त्यांचा संबंध घामाच्या ग्रंथींशी जोडला. आजाराचं नाव त्यावरूनच आलं, पण तो अंदाज चुकीचा होता. सुरुवात घामाच्या ग्रंथीत होत नाही, केसाच्या मुळाशी होते. लंडनच्या डॉक्टरांनी मार्क्सच्या दुखण्याला हे नाव दिल्याचं कुठे दिसत नाही.

जखमेत जंतू वाढू नयेत म्हणून कार्बोलिक ॲसिड वापरायची पद्धत जोसेफ लिस्टरने लॅन्सेटमध्ये मांडली ती १८६७ साली. म्हणजे दास कॅपिटल आलं त्याच वर्षी. सीआरपी सापडलं १९३० मध्ये. टीएनएफला नाव मिळालं १९७५ मध्ये. रक्तातून आग अंगभर फिरते हे मार्क्सच्या डॉक्टरांना कळायचा मार्गच नव्हता.

शेवटची वर्षं

पहिल्या खंडानंतर मार्क्स आणखी १६ वर्षं जगला. दुसरा आणि तिसरा खंड काही त्याच्या हातून पुरा झाला नाही. यकृताच्या जुन्या तक्रारीसाठी १८७४ पासून तो तीन वर्षं कार्ल्सबादच्या झऱ्यांचं पाणी प्यायला गेला. पुढे छातीच्या दुखण्याने उचल खाल्ली. डिसेंबर १८८१ मध्ये जेनी गेली. १८८२ मध्ये डॉक्टरांनी त्याला ऊन मिळावं म्हणून अल्जीयर्सला पाठवलं. जानेवारी १८८३ मध्ये थोरली मुलगीही गेली. हा घाव त्याला सोसला नाही. १४ मार्च १८८३ च्या दुपारी एंगल्स घरी आला, तेव्हा मार्क्स आरामखुर्चीत शांतपणे गेलेला होता. हायगेटच्या दफनभूमीत निरोप द्यायला जेमतेम डझनभर लोक होते.

अर्धवट राहिलेली हस्तलिखितं एंगल्सने जुळवली. दुसरा खंड १८८५ मध्ये आला, तिसरा १८९४ मध्ये.

आज असा रुग्ण आला तर?

आज काखेत वारंवार गळू येणाऱ्या माणसाला घरी काय सांगितलं जातं? काखमांजरी झाली आहे, हळद लाव. उष्णता वाढली आहे, आंबा कमी खा. रोज साबणाने आंघोळ कर. जागाच अशी की कुणाला दाखवायची लाज वाटते. लग्न ठरताना लपवलं जातं. परिणाम असा की या आजाराचं निदान व्हायला जगभरात सरासरी कित्येक वर्षं लागतात.

म्हणून दोन-तीन गोष्टी पक्क्या माहीत हव्यात. एच. एस. अस्वच्छतेमुळे होत नाही. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. आणि सहा महिन्यांत दोन किंवा जास्त वेळा काखेत, जांघेत किंवा बसायच्या जागी गळू येत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवायलाच हवं. नुसतं फोडून भागत नाही, ते पुन्हा येतं. स्वतः ब्लेडने फोडायचा प्रयत्न तर नकोच.

आज उपचार आहेत. अँटिबायोटिक्स आहेत, बोगदे काढण्याची शस्त्रक्रिया आहे. टीएनएफ या निरोप्यालाच अडवणारं अडॅलिम्युमॅब हे इंजेक्शन एच. एस.साठी २०१५ मध्ये मंजूर झालं. त्यानंतर इंटरल्युकिन-१७ ला अडवणारी औषधंही आली. आजार मुळापासून जातोच असं नाही, पण आटोक्यात येऊ शकतो. सिगारेट सोडणं आणि वजन आटोक्यात ठेवणं यालाही महत्त्व आहे.

हीच गोष्ट सोरायसिसची. त्यात तर अनेक रुग्णांना सांध्यांचाही आजार होतो आणि वेळेवर लक्ष दिलं नाही तर सांधे कायमचे वाकडे होऊ शकतात. म्हणून सोरायसिस किंवा एच. एस. असलेल्या माणसाने फक्त मलम मागून निघू नये. सकाळी सांधे आखडतात का, डोळे लाल होऊन दुखतात का, पोटाच्या तक्रारी आहेत का, मन उदास राहतं का, हे डॉक्टरांना आपणहून सांगावं. साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्यावं.

मार्क्सने आयुष्यभर एकच सांगितलं की वरवर वेगळ्या दिसणाऱ्या गोष्टींच्या मुळाशी एकच व्यवस्था काम करत असते. स्वतःच्या अंगावरची गळवं, दुखरे सांधे आणि थकलेलं डोकं यांच्या मुळाशीही एकच काहीतरी असू शकेल, हे मात्र त्याला कुणी सांगितलं नाही. आज ते सांगणारे डॉक्टर आहेत. पण त्यांच्यापर्यंत जायचं तर आधी लाज सोडून काख दाखवावी लागते.